नोकरीतील दिव्यांग सेवक आणि कायद्याचे संरक्षण

(केंद्रसंमेलनातील अभ्यासवर्गासाठी पाठ)

१. प्रश्नाचे स्वरूप

तालुक्याच्या टोकाला असलेली एखादी चार शिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. तेथील एका शिक्षकांचे वय एकेचाळीस आणि सेवा चौदा वर्षांची आहे. एका रविवारी बाजाराहून परतताना त्यांच्या दुचाकीला अपघात होतो आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागतो. रुग्णालयातून घरी आल्यावर भेटीस येणारा प्रत्येक जण हळहळतो आणि उठताना विचारतो, "आता नोकरी कशी व्हायची?" पत्नीचे वडील बंधू तर मायेपोटी म्हणतात, "दाजी, आता दगदग पुरे झाली. अर्ज लिहून टाका, मिळेल ते निवृत्तिवेतन घ्या आणि घरी स्वस्थ बसा." शाळेतील एक सहकारी वैद्यकीय कारणावरून सेवानिवृत्ती मागणाऱ्या अर्जाचा मसुदाही करून आणतात. गुरुजींची दोन मुले अद्याप शिकत आहेत आणि घरावर कर्ज आहे. तरीही आपण आता शाळेवर भार झालो, या समजुतीने ते त्या कागदावर सही करावयास सिद्ध होतात.

हे उदाहरण कल्पित आहे. परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट कोणत्याही गावी घडण्यासारखी आहे. येथे गुरुजींचे कोणी वैर करीत नाही. सर्वांच्या मनात कळकळ आहे. मात्र कायदा काय सांगतो हे कोणालाच ठाऊक नाही. अशी सही होण्यापूर्वी शिक्षकाला काय माहीत असावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

२. कायद्याची पूर्वपीठिका

आपल्या देशात या विषयावरचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली संसदेने संमत केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. अपंग व्यक्तींना समान संधी, त्यांच्या हक्कांचे संरक्षण आणि समाजजीवनात पूर्ण सहभाग हा त्याचा हेतू होता. सरकारी सेवेत ३ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात होती. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कामावरून दूर करता येणार नाही, असे त्याच कायद्याच्या कलम ४७ ने सांगितले होते.

पुढे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. या करारामागील विचार असा की, माणसाची अडचण केवळ त्याच्या शरीरात नसते. त्याच्या शरीराची स्थिती आणि सभोवतीचे अडथळे यांच्या संयोगातून ती उत्पन्न होते. ज्यास पायऱ्या चढता येत नाहीत, त्याची अडचण पायऱ्यांच्या जागी उतार बांधला की पुष्कळशी नाहीशी होते. पाय पूर्वीप्रमाणे होत नाही, परंतु माणूस वर्गात पोहोचतो.

हा विचार आपल्या कायद्यात आणण्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे आणि १९९५ चा कायदा त्यामुळे निरस्त झाला आहे. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार या अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेले आहेत. अंधत्व, बहिरेपण, अस्थिव्यंग यांबरोबरच बुटकेपणा, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातून आलेली विद्रूपता, तसेच कुष्ठरोगातून बरे झाल्यावर मागे उरलेली व्यंगे यांचाही त्यात समावेश आहे.

३. सेवेत असताना आलेले दिव्यांगत्व

गुरुजींच्या प्रश्नाचे थेट उत्तर या अधिनियमाच्या कलम २०, पोटकलम ४ मध्ये आहे. त्याचा आशय पायरीपायरीने येणेप्रमाणे सांगता येईल.

पहिली पायरी : सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आले, अशा कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने नोकरीतून काढू नये, किंवा त्याचा दर्जा खाली आणू नये.

दुसरी पायरी : तो पूर्वीच्या पदाचे काम करण्यास योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या व त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याची बदली करावी.

तिसरी पायरी : असे पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, त्यास अधिसंख्य पदावर ठेवता येते.

येथे तीन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. कायदा 'सेवेत असताना' असे म्हणतो. 'कर्तव्य बजावीत असताना' असे म्हणत नाही. म्हणून गुरुजींचा अपघात रविवारी बाजाराच्या वाटेवर झाला, एवढ्याने त्यांचे संरक्षण जात नाही. दुसरे असे की, शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाच्या खात्यांप्रमाणेच स्थानिक प्राधिकरणे व शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील सेवक या छत्राखाली आहेत. तिसरे असे की, गुरुजींच्या बाबतीत पहिली पायरी ओलांडण्याचेही बहुधा कारण नाही. शिकविण्याचे काम पायांवर अवलंबून नसते. कृत्रिम पाय बसवून किंवा कुबडी घेऊन वर्ग घेणे अशक्य नाही.

निवृत्तिवेतन घ्यावे आणि हक्क सोडावा, या सल्ल्याचा विचार सर्वोच्च न्यायालयानेही केलेला आहे. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. त्याचा निकाल २००३ साली जुन्या कायद्याखाली लागला. निमलष्करी सेवेतील एका शिपायाचा डावा पाय कापावा लागला होता आणि त्यास सेवेस अयोग्य ठरवून घरी पाठविण्यात आले होते. त्यास वैद्यकीय अपात्रतेचे निवृत्तिवेतन मिळते, तेव्हा आणखी संरक्षण कशास, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. सेवेत ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर टाकलेले आहे आणि असे निवृत्तिवेतन मिळते म्हणून ते टळत नाही, असा त्या निर्णयाचा सारांश आहे.

म्हणून अशा प्रसंगी कुटुंबीयांनी व सहकाऱ्यांनी घाई करू नये. कर्मचाऱ्याने आपण होऊन नोकरी सोडली, की त्याच्या रक्षणासाठी उभे असलेले कलम निरुपयोगी होऊन बसते. कायदा 'काढू नका' असे मालकास सांगतो. 'सोडू नका' असे सेवकास सांगणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

४. भेदभाव म्हणजे काय

भेदभाव म्हटला की अपमान, तिरस्कार, दुष्ट हेतू अशा गोष्टी मनात येतात. अधिनियमाची व्याख्या याहून व्यापक आहे. दिव्यांगत्वाच्या कारणावरून केलेला कोणताही फरक, वगळणूक किंवा निर्बंध, ज्याच्या उद्देशामुळे अथवा परिणामामुळे त्या व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने हक्क भोगता येत नाहीत, तो भेदभाव होय. यातील 'परिणामामुळे' हा शब्द महत्त्वाचा आहे. हेतू वाईट असलाच पाहिजे, असे नाही.

खेड्यातील अनुभव पाहिला तर असे दिसेल की, पुष्कळसा भेदभाव दयेच्या पोटी जन्मतो. "बाईंना कमी ऐकू येते, त्यांना प्रशिक्षणाला कशाला पाठवायचे?" "सरांना दिसत नाही, त्यांना मुख्याध्यापकपदाचा ताप कशाला?" असे बोलणारे लोक वाईट नसतात. परंतु प्रशिक्षण हुकले, पदोन्नती हुकली, तर त्या सेवकाचे नुकसान वैऱ्याने केले असते तेवढेच होते. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणाचीही पदोन्नती नाकारता येणार नाही, असे कलम २० चे पोटकलम ३ स्पष्टपणे सांगते. तेव्हा योग्य रीत ही की, संधी सर्वांप्रमाणे द्यावी. ती घ्यावी की न घ्यावी हे त्या व्यक्तीने ठरवावे, आणि ती घेता यावी म्हणून काय लागेल हे तिलाच विचारावे.

कायद्याने काही मर्यादाही घातल्या आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. एखाद्या कामाचे स्वरूप पाहून शासन अधिसूचनेद्वारे एखाद्या आस्थापनेस या कलमातून सूट देऊ शकते. तसेच उचित उद्दिष्टासाठी प्रमाणशीर उपाय म्हणून केलेली कृती भेदभाव ठरत नाही. मात्र हा अपवाद होय. आपल्या सोयीसाठी त्यास नियम बनविता येणार नाही.

५. वाजवी सोय

या कायद्यातील सर्वांत उपयुक्त कल्पना 'वाजवी सोय' ही आहे. दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून आवश्यक ते योग्य फेरफार करणे, परंतु त्याचा अवास्तव बोजा कोणावर पडू न देणे, असा तिचा अर्थ आहे. अशी सोय देणे हे कलम २०, पोटकलम २ अन्वये शासकीय आस्थापनेचे कर्तव्य आहे. इतकेच नव्हे, तर वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच होय, असे व्याख्येतच म्हटले आहे.

शाळेच्या संदर्भात पाहिले तर अशा सोयी बहुधा लहान आणि अल्पखर्ची असतात. पाय गमावलेल्या शिक्षकांचा वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणे. दाराशी उतार आणि स्वच्छतागृहात धरावयास कठडा बसविणे. फळा थोडा खाली लावणे. मैदानावरील तास सहकाऱ्यास देऊन त्याच्या मोबदल्यात त्याचा एखादा भाषेचा तास घेणे. दृष्टी मंद असलेल्या शिक्षिकेस परिपत्रके मोठ्या अक्षरांत द्यावीत, किंवा संगणकावर अथवा मोबाइलवर वाचून दाखविणाऱ्या साधनाचा उपयोग करू द्यावा. कमी ऐकू येणाऱ्या शिक्षकास सभेत पुढे बसवावे आणि सभेतील निर्णय लेखी द्यावेत. यांपैकी कित्येक गोष्टींना पैसा लागतच नाही. वेळापत्रकाचा कागद पुन्हा आखावा लागतो एवढेच.

म्हणून विचारण्याचा प्रश्न बदलला पाहिजे. 'यांना काय करता येणार नाही?' असे न विचारता 'काय बदलले असता यांना हे काम करता येईल?' असे विचारावे. कायद्याचा सारा गाभा या दुसऱ्या प्रश्नात आहे.

काम हेच स्वाभिमानाचे खरे साधन आहे, हे महाराष्ट्राने कायद्याच्या आधीपासून पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवनाची स्थापना केली. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांनी तेथे शेती केली, घरे बांधली, निरनिराळे उद्योग चालविले. झडलेल्या बोटांना झेपतील अशा रीतीने काम बेतले, तर ती बोटेही निर्मिती करतात, हा त्या प्रयोगाचा धडा आहे. तेथे जे एका माणसाच्या निश्चयाने घडले, ते आता प्रत्येक शासकीय आस्थापनेचे कर्तव्य झाले आहे.

६. टक्केवारी केव्हा पाहावी

या विषयात एक गैरसमज फार रूढ आहे. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नसेल तर कायद्याचा काहीच उपयोग नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट आरक्षणाची. शासकीय आस्थापनांत प्रत्येक संवर्गाच्या पदांपैकी किमान ४ टक्के पदे लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, असलेल्या व्यक्तींसाठी राखून ठेवावयाची असतात. त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी, १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, आणि १ टक्का अस्थिव्यंग असलेल्यांसाठी आहे. मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ला, स्नायूंचा ऱ्हास हे सर्व या तिसऱ्या गटात येतात. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार, तसेच एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी आहे. एखाद्या वर्षी योग्य उमेदवार न मिळाल्यास ती जागा लगेच रद्द होत नाही, ती पुढील वर्षासाठी राखून ठेवली जाते.

दुसरी गोष्ट भेदभावापासून संरक्षणाची आणि वाजवी सोयीची. तिला चाळीस टक्क्यांची अट नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, ज्यास लिहिताना हात आखडण्याचा विकार होता अशा उमेदवारास परीक्षेसाठी लेखनिक नाकारण्यात आला होता. कारण असे की, त्याचे दिव्यांगत्व ठरीव टक्केवारीत बसत नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आरक्षणासाठी लावलेली ही मोजपट्टी वाजवी सोयीच्या हक्कास लावता येणार नाही.

म्हणून ज्यांना तीस टक्केच ऐकू कमी येते अशा शिक्षिकेस राखीव जागा मागता येणार नाही. परंतु सभेतील निर्णय लेखी मिळावेत, असे त्या निश्चितपणे म्हणू शकतात.

खासगी कारखाने व दुकाने यांना ४ टक्क्यांचे आरक्षण लागू नाही. तथापि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे कलम २१ सांगते. गावातील तरुण शहरात कामाला जातात, तेव्हा त्यांनाही ही माहिती असणे इष्ट आहे.

७. दाद कोठे मागावी

हक्क माहीत असून वाट माहीत नसेल, तर तो कागदावरच राहतो. ती वाट अशी आहे.

(अ) प्रथम आपल्या कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात दिव्यांगत्व केव्हा व कसे आले, कोणते काम आपण करू शकतो, कोणती सोय हवी, आणि आपण कलम २० च्या पोटकलम २ व ४ चा आधार घेत आहोत, या चार गोष्टी असाव्यात. रुग्णालयाचे कागद जोडावेत. अर्जाची पोच घ्यावी व प्रत आपल्याजवळ ठेवावी.

(आ) सोय मिळाली नाही किंवा अन्याय झाला, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. असा अधिकारी नेमणे शासकीय आस्थापनेवर कलम २३ अन्वये बंधनकारक आहे. तक्रारीची नोंद होऊन दोन आठवड्यांच्या आत तिची चौकशी व्हावी, अशी तरतूद आहे.

(इ) तेथे समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे तक्रार नेता येते.

(ई) याखेरीज राज्याचे दिव्यांग आयुक्त यांच्याकडे दाद मागता येते. साक्षीदारांना बोलाविणे, कागदपत्रे मागविणे अशा बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय कारवाई केली, हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत त्यांना कळवावयाचे असते.

अधिनियमाचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी किमान ५०,००० ते कमाल ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचप्रमाणे खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ उपटणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितलेल्या आहेत. खोट्या प्रमाणपत्राने खऱ्या गरजूची जागा जाते, म्हणून ही शिक्षा योग्यच आहे. परंतु तपासणी करणे हे वैद्यकीय मंडळाचे काम आहे. शिक्षकांच्या खोलीत एखाद्या सहकाऱ्याच्या दुखण्याविषयी कुजबुज करणे, हे कोणाचेच काम नव्हे. मानसिक आजार, ऐकू कमी येणे, सिकलसेल यांसारखी दुखणी वरून दिसत नाहीत, हे विसरू नये.

८. प्राथमिक शाळेचे कर्तव्य

नोकरीचा प्रश्न मूल मोठे झाल्यावर येतो, मग प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका येईल. संबंध निकटचा आहे. ज्या मुलीचे नाव दुसरीत पटावर आहे, पण ऐकू येत नाही म्हणून जी मागे बसून राहते, तिच्यासाठी वीस वर्षांनंतर राखीव जागा असूनही उपयोग काय? त्या जागेपर्यंत पोहोचविणारी वाट पहिल्या बाकापासून सुरू होते.

यासाठी शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात. वर्गातील प्रत्येक मुलाचे दिसणे, ऐकणे व चालणे यांकडे वर्षारंभी लक्ष द्यावे. शंका आल्यास पालकांना विश्वासात घेऊन तपासणीस पाठवावे. प्रमाणपत्र व दिव्यांग ओळखपत्र यांसाठीचा अर्ज भरण्यास पालकांना साहाय्य करावे. नाव व जन्मतारीख शाळेच्या नोंदवहीत आणि इतर कागदांवर एकसारखी आहे ना, हे पाहावे. कारण पुढे नोकरीच्या वेळी एका अक्षराच्या फरकाने उमेदवार अडतो. भरतीच्या जाहिराती गावातील पात्र तरुणांना वाचून दाखवाव्यात. आणि 'हा पुढे काय करणार?' हे वाक्य त्या मुलाच्या देखत कधीही उच्चारू नये. मुले ते ऐकतात आणि ते खरे मानून चालतात.

ज्या शाळेत एक पाय नसलेले गुरुजी रोज वेळेवर येऊन गणित शिकवितात, तेथील चाळीस मुलांना समतेचा धडा निराळा द्यावा लागत नाही.

९. समारोप

आरंभीच्या उदाहरणाकडे पुन्हा वळावे. सेवानिवृत्तीचा मसुदा गुरुजींच्या पुढे आहे आणि लेखणी हातात आहे. अशा वेळी मुख्याध्यापक येऊन म्हणतात, "गुरुजी, हा कागद राहू द्या. तुमचा वर्ग तळमजल्यावर आणला आहे. कुबडी घेऊन चालता येऊ लागले की या, तोवर रजेचा अर्ज द्या." एवढ्याने त्या घरातील दोन मुलांचे शिक्षण थांबत नाही आणि एका शाळेचा अनुभवी शिक्षक जात नाही. कायदा दिल्लीस संमत झाला. त्याचा अंमल मात्र अशा एखाद्या ओसरीवर, योग्य वेळी बोललेल्या दोन वाक्यांनी होतो. ती वाक्ये बोलता येण्याइतके ज्ञान प्रत्येक शिक्षकाजवळ असावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत एखाद्या सहकाऱ्यास उद्या चालण्याची अडचण आली, तर इमारतीत व वेळापत्रकात कोणते बदल खर्चाविना करता येतील?

२. 'सेवेत असताना' आणि 'कर्तव्य बजावीत असताना' या दोहोंतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.

३. दयेपोटी केलेली वगळणूक हाही भेदभाव कसा ठरतो?

४. आरक्षण आणि वाजवी सोय यांपैकी कोणत्या बाबतीत चाळीस टक्क्यांची अट आहे व कोणत्या बाबतीत नाही?

५. आपल्या वर्गातील कोणत्या मुलांची तपासणी किंवा प्रमाणपत्र राहिले आहे, याची यादी करून पुढील संमेलनात सादर करा.